मी आपली रजा घेत आहे

आता सगळं निभावलं म्हणून हसत हसत सांगता येतं. नाहीतर ही गोष्ट सांगायला तोंड उघडलं असतं आणि घशातून हुंदकाच बाहेर आला असता. असो. आधी खांबांना खांब का म्हणत ते सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा नको.

कंपनी बाटल्यांची झाकणं बनवायची. झाकण सैल बसतं, झाकण बसतच नाही, झाकण बसतं पण मग बाटली फोडल्याशिवाय निघत नाही, अशी तक्रारीची पत्रं रोज यायची. त्यांना उत्तरं लिहायचं काम या गृहस्थांकडं होतं. भाषेवर त्यांचं भारी प्रेम. ‘झाकण खराब निघालं’ असं ते कधी लिहीत नसत, ‘आपल्या मनस्तापाचे आम्ही समदुःखी आहोत’ असं लिहीत. लोक भांबावून पुन्हा तक्रार करत नसत. एका समारंभात मोठ्या साहेबांनी बोलण्याच्या ओघात त्यांना ‘कंपनीचा आधारस्तंभ’ म्हटलं. रोजच्या वापराला तो शब्द लांब पडतो, म्हणून लोकांनी त्याचा खांब केला. गृहस्थांना ते मनापासून पटलं. खांब हलला की छप्पर खाली येतं, असं ते स्वतःच चारचौघांत सांगायचे, आणि म्हणून रजा म्हणून घ्यायचे नाहीत. सर्दी झाली की सर्दीसकट ऑफिसात.

घरी बायकोशी त्यांचा रोज सकाळी एक ठरलेला वाद व्हायचा. हे बूट घालून दारातून ओरडायचे, ‘जातो गं,’ आणि आतून आवाज यायचा, ‘येतो म्हणा.’ यावर खांबांचं म्हणणं असं, की माणूस जात असताना येतो म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे. जातोय तर जातो. शब्द कसा नेमका हवा. हे एवढं लक्षात ठेवा.

तर घोटाळा सुरू झाला सोफ्यापासून. सोफा लग्नातला. त्याची एक स्प्रिंग वर आली होती. घरच्यांना ती जागा पाठ होती, आणि पाहुण्यांना ‘इकडं बसा, इकडं वारा लागतो’ म्हणून दुसऱ्या टोकाला नेलं जायचं. पण खांबांचा मेहुणा म्हणजे घरचाच माणूस. त्याला कोण वारा दाखवणार. तो आला, ‘ताई, पाणी दे’ म्हणाला आणि धप्पकन नेमका तिथंच बसला. मग कापड फाटल्याचा आवाज आला. मेहुण्याला खांबांची पँट घालून परत जावं लागलं. मेहुणा उंच आणि खांब नावापुरतेच खांब, त्यामुळं ती त्याच्या पोटऱ्यांपर्यंतच आली. त्यावर मेहुण्याची बायको फोनवर हसत हसत एवढंच म्हणाली, की भावोजी एवढ्या मोठ्या कंपनीचा आधार, आणि घरात बसायला आधार नाही.

हे वाक्य खांबांच्या जिव्हारी लागलं. त्याच संध्याकाळी ते सोफ्याच्या दुकानात गेले आणि गडद निळ्या रंगाचा, गुबगुबीत हातांचा एक सोफा त्यांच्या मनात भरला. दुकानदारानं किंमत सांगितली. खांबांना बसून घ्यावंसं वाटलं, आणि सोफा समोर होताच, म्हणून ते बसले. पगारात हा सोफा बसणार नव्हता, हे मात्र उभ्यानंही कळत होतं. तिथंच बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात वीज चमकली. आपली रजा. इतकी साचलेली रजा. ती कंपनीला परत द्यायची आणि पैसे घ्यायचे. दुकानदाराला त्यांनी सोफा बाजूला ठेवायला सांगितलं.

बायकोला ही कल्पना मुळीच आवडली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. पगारी रजा आहे ना, मग ती घ्या, आणि आपण समुद्र बघून येऊ. किती वर्षं म्हणताय जाऊ म्हणून. खांबांनी समजावलं, की समुद्र कुठं पळून जात नाही, सोफा मात्र विकला जाईल. चार दिवसांची हवा खाऊन हाती काय लागणार, सोफा जन्मभर राहील. बायको भांडी पुसत होती. ती पुसता पुसता म्हणाली, “घ्या हो सोफा. पण त्याच्यावर बसायला तुम्ही घरी असता कधी?” खांबांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी ते मनुष्यबळ विभागात गेले. मनुष्यबळ हा शब्दही त्यांना खटकायचा, कारण तिथं एकच बारीकशी मुलगी बसायची. नवी मॅडम. कामाला चोख, पण सगळ्या वडीलधाऱ्यांना सरसकट काका म्हणायची. खांबांनी प्रस्ताव मांडला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि मान हलवली.

“काका, रजा विकत नाहीत, घेतात.”

खांबांनी विचारलं, की रजा माझी आहे ना? तर माझीच आहे, म्हणाली. मग मी ती विकेन, नाहीतर गल्लीत वाटेन, तुमचं काय जातं? तेव्हा तिनं त्यांना बसवून, पाणी देऊन नियम समजावला. पगारी रजा हा माणसाचा हक्क आहे आणि तो विश्रांतीसाठी आहे. कंपनीनं पैसे देऊन ती रजा परत घ्यायची नसते, तुम्ही आनंदानं देत असलात तरी नाही. तशी मुभा दिली तर कुठलीच कंपनी कुणाला घरी सोडणार नाही, पैसे तोंडावर फेकेल आणि कामाला बसवेल. फक्त एकदाच रजेऐवजी पैसे मिळतात. माणूस नोकरी सोडून चालला की. कारण त्याला मग ती रजा घेताच येत नाही.

खांब म्हणाले, हा कुठला न्याय? जो राहतो त्याला काही नाही आणि जो पळतो त्याला रोकडा? ती म्हणाली, जो राहतो त्याला रजा मिळते ना. आणि तुम्ही ती यंदा घेतलीच पाहिजे, नाहीतर साहेब मला विचारतील. एवढं बोलून तिनं एक छापील फॉर्म पुढं सरकवला. कधीपासून, कधीपर्यंत, कारण, सही. खांबांनी तो मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांनी उचलला. आयुष्य भाषेत घालवलेल्या माणसाला कुणीतरी चार चौकटी भरायला सांगत होतं.

अशा प्रसंगी मनुष्यानं गप्प राहावं. पण खांब घरचा जिना चढता चढता शेजाऱ्यांशी बोलले. खालच्या मजल्यावर दंतवैद्य राहायचे. त्यांनी सांगितलं, साधी रजा कशाला, आजारपणाची घ्या, मी दाखला देतो, फक्त दाखला खरा असावा म्हणून तुमची एक दाढ काढू. खांब दाढ आत ठेवून वर आले. वर शेजारच्या दारात कलमकाका उभे होते. कलमकाका निवृत्त. नोकरीत त्यांनी काय केलं ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण कुठल्याही गोष्टीवर ‘याला एक कलम आहे’ असं म्हणायची सवय तिथूनच लागलेली. दूध नासलं तरी त्याला एक कलम असायचं.

कलमकाकांनी सगळं ऐकलं, डोळे मिटले, आणि मग सल्ला दिला. नियम मोडता येत नाही, म्हणाले, पण नियम राबवणाऱ्याला मन असतं. त्या मनाला हात घाला. फॉर्मबिर्म भरू नका. फॉर्मला कोण विचारतो? पत्र लिहा. असं लिहा, की तुमच्यावाचून कंपनीचं कसं होणार या विचारानंच वाचणाराच्या पोटात गोळा यावा. मग तेच म्हणतील, नका हो जाऊ रजेवर, हे पैसे घ्या आणि बसा.

खांबांना हे इतकं पटलं, की त्यांनी जेवणही अर्ध्यावर सोडलं. लिहायला बसले. खोडलं, पुन्हा लिहिलं, एका विशेषणासाठी घरभर फेऱ्या मारल्या. शेवटी जे तयार झालं ते असं होतं:

‘महोदय, आजवर आपण दिलेल्या प्रेमाच्या ऋणात राहून, अत्यंत जड अंतःकरणाने मी आपली रजा घेत आहे. शरीर थकले आहे. घरच्यांचाही आग्रह आहे. माझ्या जागी योग्य व्यक्तीची योजना व्हावी. शिल्लक रजेबाबत आपण सहानुभूतीने विचार कराल, ही आशा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा. चूकभूल द्यावी घ्यावी.’

तारखा घातल्या नाहीत. इतक्या उंचावर गेलेल्या मजकुरात ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ हे फार खाली उतरल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ऐकताना कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. खांबांनी ती दाद समजली.

मॅडमनी पत्र वाचलं आणि तिचा चेहरा पडला. पुन्हा वाचलं. खांब तिच्या डोळ्यांकडं लक्ष ठेवून होते. पाणी आलं, बरं का. खरंच आलं. तिनं हळूच विचारलं, “काका, नक्की ठरलंय ना?”

“ठरलंय.”

“घरी बोललात?”

“घरच्यांचाच तर आग्रह आहे.”

ती म्हणाली, मग मी काय बोलणार. मोठे साहेब रजेवर आहेत, ते आले की सही होईल. पण तुमच्या शिल्लक रजेचे पैसे काढायला त्यांच्यासाठी थांबायला नको, ते मी आजच हिशेबाला टाकते. तुम्हाला ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर येईल.

खांबांच्या कानांत घंटा वाजल्या. पैसे! एका पत्रानं नियम वितळला. दुसरा कुणी असता तर त्यानं निदान एक प्रश्न विचारला असता, की बाई गं, परवा तर नाही म्हणालीस, आज कसं काय? पण जिंकलेला माणूस पंचांना नियम विचारत नाही. खांब मान लववून बाहेर पडले आणि वाटेत स्वतःशीच ‘जड अंतःकरणाने’ हा शब्दप्रयोग पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

पैसे खरोखरच खात्यात आले. सोफा घरी आला. चार हमालांनी तो जिन्यात अडकवला, दंतवैद्यांनी दार उघडून दाढ काढायच्या अनुभवावरून सूचना दिल्या, आणि शेवटी कलमकाकांच्या घराचं दार काढून तो वळवावा लागला. दार काढायलाही एक कलम होतं. पण सोफा बसला. जुना सोफा भंगारवाल्यानं नेला आणि जाताना त्याचीही पँट फाडून गेला.

इकडं ऑफिसात काहीतरी वेगळंच वारं वाहू लागलं होतं. लोक खांबांशी गोड बोलू लागले. ज्यानं कधी साधं नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं, तो येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. कँटीनवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस, ज्याचं खांबांच्या फिरत्या खुर्चीवर कित्येक वर्षं लक्ष होतं, तो लाजत लाजत म्हणाला, तुम्ही नसताना ही खुर्ची मी वापरली तर राग नाही ना येणार? खांबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. नियमाला हरवणारा पहिला माणूस म्हणून आपला मान वाढला आहे, असा त्यांचा समज. एकानं विचारलं, मग पुढं काय करायचं ठरवलंय? खांब म्हणाले, “काही नाही. सोफ्यावर बसणार.” विचारणाऱ्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, केवढी ही निरिच्छ वृत्ती.

खाली गोदामात एक फाईल आणायला गेले, तेव्हा तिथल्या माणसानं त्यांच्यापुढं एक पाकीट धरलं. म्हणाला, वरच्या ऑफिसातलं कुणीतरी नोकरी सोडून चाललंय, त्याला भेट द्यायचीय, तुमचे काय ते घाला. गोदामातल्या माणसानं खांबांचं नाव ऐकलेलं होतं, तोंड पाहिलेलं नव्हतं. खांबांनी विचारलं, कोण चाललंय? तो म्हणाला, असेल कुणी पत्रं लिहिणारा. खांबांना वाटलं, बाहेरगावची पत्रं बघणारा दुसरा माणूस असणार, त्याचं चित्त तसंही कामात नव्हतं. पाकिटात काहीतरी घालणं भाग होतं, म्हणून लाज राखण्यापुरती एक नोट त्यांनी घातली.

आठवड्याच्या शेवटी कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब नसताना कार्यक्रम मोकळेपणानं होतात, म्हणून घाई. खांब मागच्या रांगेत जाऊन बसले. पण त्यांना हाताला धरून पुढं नेलं गेलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं गेलं. ज्येष्ठ म्हणून मान देतायत, असं समजून ते बसले. हिशेबनीस बोलायला उभा राहिला. म्हणाला, खांब आता आपल्यात नाहीत, ही कल्पनाच सहन होत नाही. खांब तिथंच समोर बसले होते आणि त्यांनाही ती सहन झाली नाही. पण हिशेबनीस थांबेना. खांब किती प्रेमळ होते, किती विद्वान होते, त्यांचं अक्षर किती सुरेख होतं. आणि इथं माणसाचा स्वभाव बघा. आपल्याविषयी एवढं चांगलं जन्मात पहिल्यांदा ऐकू येत होतं, म्हणून खांबांनी ‘होते’ हा शब्द कानाआड करून भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मग टाळ्या झाल्या. त्यांच्या हातात प्रवासाची एक नवी कोरी मोठी बॅग दिली गेली, आता मनसोक्त फिरा असं म्हणून, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं गेलं.

खांब उभे राहिले. बॅग छातीशी धरून म्हणाले, “पण मी चाललोय कुठं?”

लोक हसले. मग लोकांच्या लक्षात आलं, की खांब हसत नाहीत. मॅडम पुढं आली, तिच्या हातात त्या पत्राची प्रत होती. तिनं वाचून दाखवलं. मी आपली रजा घेत आहे. म्हणजे आमचा निरोप घेताय ना, काका?

खांब म्हणाले, निरोप कसला? ‘आपली’ म्हणजे स्वतःची. मी आपली रजा घेतो, म्हणजे मी माझी रजा घेतो. हिशेबनीस खुर्चीसाठी जिवावर उदार झाला होता. तो म्हणाला, मोठ्या माणसाला लिहिताना ‘आपली’ म्हणजे तुमची. मोठ्या भाषेत लिहिलंत तर आम्ही मोठाच अर्थ घेणार. कुणी म्हणालं, आपली म्हणजे आपल्या सगळ्यांची. त्यावर दोन टेबलांत वाद पेटला. व्याकरणावर एवढी चर्चा त्या कँटीनमध्ये पूर्वी कधी झाली नव्हती. एरवी खांबांना ती ऐकून धन्य वाटलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आपल्याच अक्षरात आपल्याच हातानं आपण आपल्याला नारळ दिला, हे त्यांना आता कळलं होतं. या वयात दुसरीकडं कोण घेणार? झाकणांच्या तक्रारींना गोड उत्तरं लिहितो, या गुणावर कोण नोकरी देणार?

मॅडम त्यांच्यापेक्षा जास्त घाबरली होती. राजीनामा समजून तिनं पत्र मोठ्या साहेबांच्या टेबलावर पाठवलं होतं, खोलीला कुलूप होतं, आणि साहेबांच्या माघारी टेबलावरचा कागद उचलायची कुणाची छाती नव्हती. फोन करावा तर साहेब रजेवर असताना फोन बंद ठेवायचे. हा त्यांचा नेम. शिवाय सहीआधी पैसे दिले ते तिच्या अंगाशी येणार होतं, ते वेगळंच. ती म्हणाली, काका, मला वाटलं तुम्ही थकलाय. खांबांनी बॅग उचलली. थकले होते हे खरंच होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं बॅग बघितली, त्यांना बघितलं, आणि आधी पाणी दिलं. सोफ्यावर बसा म्हणाली, तर खांब जमिनीवर बसले. नोकरी घालवून आणलेल्या सोफ्यावर बसवेना. कलमकाका आवाज ऐकून आले आणि त्यांनी आधीच हात वर केले. म्हणाले, मी मनाला हात घाला म्हटलं होतं, मानेला नाही. याला काही कलम आहे का, असं बायकोनं विचारलं. कलमकाका खूप वेळ विचार करून म्हणाले, नाही. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्या दिवशी प्रथमच निघाला असेल.

मधल्या सुट्टीच्या दिवसांत खांब घरात नुसते फेऱ्या मारत राहिले. बायको मात्र रागावली नाही. एकदा फक्त म्हणाली, की नोकरी गेली तर काहीतरी करू, तुम्ही आहात ना. हे तिनं इतकं सरळ सांगितलं, की खांबांना रडूच आलं. सोमवारी सकाळी ते बूट घालून दारात उभे राहिले आणि सवयीनं ‘जातो’ म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना. नुसतेच गेले.

मोठे साहेब आले होते. उन्हानं काळे झालेले, नाकाची सालं निघालेली, चेहरा असा ताजा की ओळखू येऊ नयेत. खांब आणि मॅडम दारात दोन गुन्हेगारांसारखे उभे. साहेबांनी दोघांना आत घेतलं, बसवलं, आणि पत्र सावकाश वाचलं. एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून. मॅडमनी पैशांचं आपणहून सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

साहेब म्हणाले, “यात राजीनामा कुठंय? या माणसाला रजा हवीय. तारखा तेवढ्या राहिल्यात.”

मॅडमनी डोळे पुसले. साहेब हसायला लागले होते. म्हणाले, हे पत्र मी रजेवर जायच्या आदल्या दिवशी आलं असतं ना, तर काही खरं नव्हतं. तेव्हा माझं डोकं एवढं शिणलं होतं की समोर येईल त्यावर मी न वाचता सही करत होतो. सुटला असतात तुम्ही कायमचे. साहेबांनी स्वतःची रजा स्वतः घेतली, विकली नाही, साठवली नाही, म्हणून आपली नोकरी टेबलावर कुलपाआड शाबूत राहिली. हे खांबांना कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.

पुढचं सगळं साहेबांनी झटपट मिटवलं. पैसे पगारातून थोडे थोडे परत कापून घ्यायचे. मॅडमनी घाई केली ती चांगल्या मनानं, पुढच्या वेळी जरा दमानं घ्यावं. हिशेबनिसानं खुर्ची परत द्यावी. आणि खांबांनी रजेवर जावं, हा सल्ला नाही, हुकूम आहे. खांबांनी भीत भीत विचारलं, की मी नसताना पत्रांचं कसं होईल? साहेब म्हणाले, मी नव्हतो, तर छप्पर पडलं का?

मॅडमनी तोच छापील फॉर्म पुन्हा पुढं केला. या वेळी खांबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तारखा ठळक घातल्या. ‘कारण’ या चौकटीपाशी येऊन थांबले. पेन हवेत. मॅडम म्हणाली, काका, साधं लिहा हो. खांबांनी थोडा विचार केला आणि जन्मभर खोटे ठरवलेले दोन शब्द त्या चौकटीत लिहिले: ‘जाऊन येतो.’ तिनं ते वाचलं, ‘येतो’वर बोट टेकवलं आणि नक्की ना, असं विचारून शिक्का मारला.

निघायच्या दिवशी निरोपाची ती बॅग भरली गेली. तिच्या किमतीतली एक बारीकशी नोट त्यांचीच होती, आणि भेटीची बॅग परत घ्या म्हटलं तर ऑफिसानं घेतली नाही. घर बघायला कलमकाका आपणहून आले होते आणि निळ्या सोफ्यावर ऐसपैस पसरून बसले होते. सोफा कसा आहे ते आता आठवडाभर तेच बघणार होते. दंतवैद्य जिन्यात उभे राहून समुद्राच्या खाऱ्या हवेनं दातांचं काय होतं ते सांगत होते. बायको कुलूप, किल्ल्या, पाण्याची बाटली, सगळं दोनदा बघून दारात आली. बाटलीचं झाकण घट्ट बसलंय का, ते खांबांनी सवयीनं तपासलं. बसलं होतं.

“जा निवांत,” कलमकाका सोफ्यावरून म्हणाले.

“जा नाही म्हणायचं, काका,” खांब दारातून वळून म्हणाले. “या म्हणायचं.”

बायकोनं बॅगेचा एक बंद धरला, दुसरा खांबांनी धरला.